जुना टेनर ट्रॉम्बोन घेताना काय पाहावे?

प्रश्न: कोल्हापुरात गंगावेशीतील एका बंद पडलेल्या बँडपथकाकडे अमेरिकेतील एल्कहार्टला घडवलेला कॉन कंपनीचा जुना टेनर ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे, सरकत्या नळीचे पितळी वाद्य) आहे. वाजवायला आणि जपायलाही तो घ्यावा का?

उत्तर १: दादा, आधी स्लाइड, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी, पाहा. वाद्य उभे धरून, खाली हात ठेवून बाहेरची नळी सैल सोडली की ती न अडखळता घसरली पाहिजे. आतल्या नळ्यांचा मुलामा उडाला असेल, तर दुरुस्ती फार महाग पडते.

उत्तर २: पितळेवर गुलाबी ठिपके असतील, तर जस्त निघून जाऊन धातू ठिसूळ झाला आहे असे समजावे. नळीचा आतला व्यासही मोजा: सुमारे 12.7 मिलिमीटरची नळी बँडला शोभते, 13.9 ची ऑर्केस्ट्राला.

उत्तर ३: कृपया पॉलिश करून घेऊ नका. मूळ लॅकर (पितळेवरचा पारदर्शक संरक्षक लेप) घासले गेले, की संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते.