कॉम्पोझिट की अ‍ॅल्युमिनियम?

हायस्कूलला जाणाऱ्या मुलासाठी बेसबॉलची कुठली बॅट घ्यावी, कॉम्पोझिट (कार्बन तंतूंची) की अ‍ॅल्युमिनियमची, असं तुम्ही विचारलंय. आधी बॅटवर 'बीबीकोर .५०' शिक्का बघा, म्हणजे बॅटवरून चेंडू किती उसळावा याच्या मर्यादेचा. अमेरिकेत हायस्कूलला २०१२ पासून तो लागतोच. त्यामुळे चेंडूच्या वेगात फारसा फरक उरत नाही, खरा फरक हाताला कळतो. दोन तुकडे जोडलेली कॉम्पोझिट असेल तर चेंडू मुठीजवळ लागला तरी झिणझिण्या कमी येतात. आमच्या चिरंजीवांना ती तेवढ्यासाठीच आवडली. (मला मात्र तो 'थड' आवाज अजून पचत नाही!) नवी कॉम्पोझिट बॅट लगेच सामन्यात नेऊ नका. दर फटक्यानंतर हातात थोडी थोडी फिरवत दीडदोनशे फटके मारले की ती मोकळी होते. १५ अंश सेल्सिअसखाली तडकायची भीती असते, मार्चच्या गारठ्यात जुनी अ‍ॅल्युमिनियमचीच काढा.