वरच्या दाढेतील चौथी नलिका

प्रश्न (जुळे सोलापूर): माझ्या वरच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी झाले, तरी चावताना दुखते. एक्स-रेत तिन्ही नलिका नीट भरलेल्या दिसतात. मग डॉक्टर सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) का सांगत आहेत?

उत्तर १: या दाढेला बहुधा तीन मुळे असतात, परंतु गालाकडील पुढच्या मुळात अनेकदा दुसरी, अतिशय बारीक नलिका असते आणि साधा एक्स-रे द्विमितीय असल्यामुळे ती पहिलीच्या सावलीत दडून राहते. ती स्वच्छ झाली नसेल तर जंतू आत टिकतात. सीबीसीटीत मुळाचा आडवा छेद दिसतो, म्हणून हा सल्ला मला योग्य वाटतो. दंतसंशोधक वेर्तुची यांनी १९८४ मध्ये नलिकारचनेचे ८ प्रकार मांडले, यावरून ही विविधता लक्षात यावी.

उत्तर २: सहमत आहे; मात्र किरणांचा कोन बाजूला सरकवून घेतलेल्या दुसऱ्या एक्स-रेतही एकमेकींवर पडलेल्या नलिका बऱ्याचदा वेगळ्या दिसतात. सीबीसीटीत किरणोत्सर्ग अधिक असतो, त्यामुळे त्या दाढेपुरतेच लहान क्षेत्र घेण्याची विनंती अवश्य करा. जुन्या भरावामुळे प्रतिमेत पट्टे उमटू शकतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. लहान क्षेत्राविषयी उद्याच विचारतो.