घोडी एक, खोगीर एक, मतं पाच. कुणाचं ऐकू?

शेवंतीवाली

नमस्कार मंडळी. लांबड लागणार आहे, पण डोक्याचा पार भुगा झालाय.

माझी घोडी शेवंती, वय ११. लोकर भरलेल्या गाद्यांचं साधं इंग्लिश खोगीर, दोन वर्षं तेच. कधी कुरकुर नव्हती. आता तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना मान वळवून माझी बाही तोंडात धरते. चावत नाही, नुसती धरून ठेवते, आणि तंग दुसऱ्या भोकाच्या वर गेला की सोडतच नाही. जाकिटाचं एक बटण बहुधा तिच्या पोटात आहे. डाव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या, मागे चिंचोक्याएवढ्या जागेत पांढरे केस आलेत. तिथे बोट दाबलं की कातडी थरथरते.

आता मतं ऐका. पहिला फिटर (खोगीर घोड्याच्या मापाने बसवून देणारा) म्हणाला खोगीर रुंद आहे, पुढून खाली बसतंय. त्याने पुढच्या गाद्यांत लोकर वाढवून दिली. दुसऱ्या फिटर बाई म्हणाल्या अरुंद आहे, फऱ्याला चिमटा बसतोय, आणि आधीच्याने वाट लावलीय. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. त्यांना दुखरी जागा मागे सापडली, शेवटच्या बरगड्यांपाशी. त्यांच्या मते खोगीर लांब आहे. फिजिओ म्हणतात खोगिराला बोल लावू नका, तुम्हीच उजवीकडे कलून बसता. (खोगीर उजवीकडे सरकतं हे खरंय. दर फेरीला मला डाव्या रिकिबीत पाय रोवून ते सरळ करावं लागतं.) आमचे रायडिंगचे सर म्हणतात खोगिराखाली जाड नमदा टाका आणि कामाला लागा.

पाचही जण इतक्या ठामपणे बोलतात की समोर उभं असताना प्रत्येकाचं पटतं. सध्या बसणं बंद ठेवलंय, हाताने फिरवतेय. काय करू?

जुना मोतद्दार

ताई, बसणं बंद केलंत ते झकास. सरांचा नमदा बाजूला ठेवा. घट्ट बांगडीखाली फडकं कोंबून हात मोकळा होतो का?

घोडी सपाट जागी चारही पायांवर नीट उभी करा. खाली काही न घालता, तंग न बांधता खोगीर जरा पुढे ठेवा आणि हलकेच मागे सरकवा. आपसूक अडेल ती त्याची जागा. बरेच लोक खोगीर फऱ्यावरच चढवतात आणि मग रुंद-अरुंदचा वाद घालत बसतात. आता तळहात गादीखालून पुढून मागे सरकवत न्या. पुढे-मागे दाब आणि मध्ये पोकळी लागली तर पुलासारखं बसतंय. मध्येच टेकत असेल तर झोपाळ्यासारखं डुलेल.

मग कुणाला तरी तिचा पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा. तुमची बोटं फऱ्याच्या मागच्या कडेवर, खोगिराच्या आत असू द्या. पाय पुढे गेला की फरा मागे येतो. बोटं चेंगरली तर तिला रोज काय होतं ते कळेल.

डॉक्टरांचं म्हणणं तुमचं तुम्हालाच तपासता येईल. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी पोटाच्या बाजूने चाचपा आणि तिच्या वळणाने वर पाठीपर्यंत या. गादी त्याच्या मागे जाता कामा नये.

टापटीप

ट्री, म्हणजे आतला कडक सांगाडा, नसलेलं खोगीर घ्या. मी घेतलं, कटकट संपली.

खरारा

टापटीप, ट्रीचं कामच मुळी स्वाराचं वजन दोन्ही गाद्यांवर पसरवणं आणि मणक्याच्या वर वाट मोकळी ठेवणं. ती काढली तरी पाठीचे प्रश्न राहतातच, फक्त वरून दिसत नाहीत. तुमच्या घोड्याला मानवलं असेल, पण दुखऱ्या पाठीवर हा प्रयोग नको.

शेवंतीवाली, हे पाच जण नेमके कधी कधी आले? तेव्हा घोडी कामात होती की रजेवर? उभी पाहिली की चालती? वर कुणी बसलं होतं का? हे कळल्याशिवाय कोण चुकलं ते सांगता येणार नाही.

शेवंतीवाली

अरे बापरे, हे एकत्र मांडलंच नव्हतं मी. तिच्या उजव्या मागच्या खुरात पू झाला होता, १० आठवडे उभी होती. ती कामाला लागली त्याच आठवड्यात पहिला फिटर आला. उभ्या घोडीवर पाहिलं त्याने. फिटर बाई आल्या त्यानंतर चार महिन्यांनी, तोवर रोज काम चालू होतं. त्यांनी मला बसवून दुडकीपर्यंत पाहिलं. डॉक्टरांनी फक्त घोडी तपासली, खोगीर स्टँडवर होतं. फिजिओंनी मला घोडीवर पाहिलं, पण खोगीर उलटून बघितलं नाही. सरांनी काहीच पाहिलं नाही, ते फोनवर होते.

मोतद्दार काका, तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं. डावीकडे बोटं चांगलीच चेंगरली. गादी मात्र शेवटच्या बरगडीच्या दोन बोटं अलीकडेच संपते.

खरारा

मग दोन्ही फिटर आपापल्या दिवशी बरोबर होते.

१० आठवडे उभं राहिल्यावर विदर्सच्या (मानेच्या बुडाशी पाठीवर असतो तो उंचवटा) दोन्ही अंगांचा स्नायू ओसरतो, तिथे खळगे पडतात. तेच खोगीर रुंद वाटायला लागतं आणि पुढून खाली बसतं. पहिल्याने लोकर घालून ते उचललं. त्या दिवसापुरता इलाज बरा होता, पण काम वाढलं की पुन्हा बघायला येतो, हे त्याने सांगायला हवं होतं. चार महिन्यांत खळगे भरले आणि वाढवलेली लोकर तिथेच राहिली. बाईंना अरुंद दिसलं त्यात नवल काय? बहुतेक घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. तुमच्याकडे तो डावा असणार, पांढरे केस तिकडेच आलेत. खोगीर मोठ्या खांद्याच्या मापाने बसवायचं आणि लहान बाजूला भर द्यायची. उलट केलं की असे डाग पडतात.

डॉक्टरांची जागा खरी असू शकते, कारण चुकलं असेल. पुढचा भाग उचलला गेला की बैठकीचा सगळ्यात खोल भाग मागे सरकतो, तुम्हीही मागे बसता, आणि वजन गादीच्या शेपटावर येतं. खोगीर लांब नसूनही मग तिथे दुखतं. खोगीर बाजूने बघा, खोल भाग मधोमध आहे का?

माझा जीव अडकलाय तो उजवीकडे सरकण्यात. लीने ग्रेव्ह आणि स्यू डायसन या पशुवैद्यांनी यावर काम केलंय. खोगीर एका बाजूला जाण्यामागे अनेकदा मागच्या पायाचं लंगडणं असतं, तेही इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक वेळा ते दुखऱ्या पायाकडे सरकतं, आणि भूल देऊन त्या पायाचं दुखणं तात्पुरतं थांबवलं की सरकायचं थांबतं. डायसन यांनी २०१८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर स्वाराखालच्या घोड्याच्या २४ हरकतींची यादीही मांडली: कान पाच सेकंदांपेक्षा जास्त मागे धरणं, सारखी शेपूट झटकणं, मागचे खूर घासत नेणं वगैरे. त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच. कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घ्या आणि शांतपणे मोजा.

तुम्ही उजवीकडे कलता म्हणून खोगीर सरकतं की खोगीर सरकतं म्हणून तुम्ही कलता, हे फिजिओंना नुसतं बघून कळणार नाही. डॉक्टर आणि फिटर एकाच दिवशी, एकाच मैदानावर आणा. आणि तंगाला त्रागा करणाऱ्या घोडीच्या पोटात अल्सरही असू शकतो, तेही विचारा.

एक आगाऊपणा: जो खोगीर विकतो त्याला नवं घेण्याचं कारण लवकर सापडतं. वाईट हेतूनेच असं नाही, पण लक्षात असू द्या.

जुना मोतद्दार

उजव्या मागच्या खुराचं आधीच सांगितलं असतंत तर!

शेवंतीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

पहिला फिटर यायला तयार झाला नाही. बाई आणि डॉक्टर एकाच सकाळी आले. सुरुवातीची दहा मिनिटं दोघं एकमेकांशी फारच अदबीने बोलत होते, मला घाम फुटला. सरळ रेषेत हाताने दुडकीवर काही दिसलं नाही. उजव्या वर्तुळात किंचित. मी बसल्यावर मात्र डॉक्टर म्हणाले, थांबा. व्हिडिओत आमच्या ९ हरकती भरल्या होत्या. उजव्या मागच्या पायाला टप्प्याटप्प्याने भूल देत गेले. हॉकपाशी (मागच्या पायाचा मधला मोठा सांधा) दिल्यावर मी तशीच, तेवढीच वाकडी बसले, आणि खोगीर जागच्या जागी. चार फेऱ्या! रिकिबीत पाय रोवायची सवय इतकी की मी उगाचच डावीकडे ढकलत होते. दुखणं हॉकमध्ये आहे, उपचार सुरू केलेत. पोटाची तपासणी पुढच्या आठवड्यात.

मग बाईंनी डाव्या गादीची शिवण उसवून आकड्याने लोकर काढली. मऊ पुंजके निघतील असं वाटलं होतं. निघाले आवळ्याएवढे कडक गोळे, एकामागून एक सात. एक हातात घेऊन दाबला तर दबेचना. खोगीरभरती हा शब्द आपण कशाकशासाठी वापरतो, पण खरी खोगीरभरती किती महत्त्वाची असते ते त्या दिवशी कळलं. आता तिथे थोडी, सुटी लोकर आहे आणि बाजूने बघितलं तर खोल भाग मधोमध दिसतो. ट्री बदलायचा विषय बाईंनी स्वतःच मागे घेतला. घोडी परत कामाला लागल्यावर माप घेऊ म्हणाल्या.

फिजिओ अगदीच चुकीचे नव्हते, डावा गुडघा मी वर ओढतेच. सरांना अजून सांगितलेलं नाही.

बसणं अजून बंद आहे. काल नुसतं सवयीसाठी खोगीर ठेवून तंग बांधला. दुसऱ्या भोकाला मान वळली, बाहीपर्यंत तोंड आलं. मी तिथेच थांबले आणि सैल केला.