लाकडाच्या ॲडहेसिव्हच्या संशोधन प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून रुजू व्हावे का?

प्रश्न : गावभागकर, सांगली

नमस्कार. मी यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने मला संशोधन प्रयोगशाळेतील लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावले आहे. तेथे प्लायवुडचे थर चिकटवणारी रेझिन आणि सुतारकामाचा पांढरा ग्लू या दोन्हींवर काम चालते.

या विषयाची ओढ मला ऑगस्ट 2019 च्या महापुरापासून आहे. पाणी ओसरल्यावर आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट चिखल धुऊन पुन्हा उभे राहिले. त्याच खोलीतील प्लायवुडच्या कपाटाचे दार मात्र हातात घेताच त्याचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटत गेले. असे का झाले, हे मला कोणी नीट सांगितले नाही. या नोकरीत प्रत्यक्ष काय करावे लागते, टेक्निशियनला विचार करण्यास वाव असतो की केवळ सांगितलेली मापे घ्यावी लागतात, आणि रेझिनसाठी लागणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या उग्र वासाच्या रसायनाविषयी आईला वाटणारी काळजी कितपत खरी आहे, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : प्रयोगवही, मिरज

मी चौदा वर्षे हेच काम करीत आहे. आधी आपल्या दाराविषयी सांगतो. घरगुती फर्निचरचे स्वस्त प्लायवुड बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने जोडलेले असते, आणि या रेझिनमधील बंध पाण्याने, विशेषतः गरम पाण्याने, हळूहळू तुटतात. फिनॉल-फॉर्मल्डिहाइडमध्ये कार्बनला कार्बन जोडलेला असतो, त्यामुळे तो बंध पाण्याला दाद देत नाही. एमआर (ओलावा सोसणाऱ्या) प्रतीच्या प्लायवुडचा नमुना 60 अंशांच्या पाण्यात 3 तास ठेवून तपासतात, तर आयएस 710 या मरिन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवुडच्या भारतीय मानकानुसार तो 72 तास उकळत्या पाण्यात ठेवावा लागतो. पुराच्या पाण्यात कित्येक दिवस उभे राहण्यासाठी आपले दार बनवलेलेच नव्हते.

आता कामाविषयी. युरिया रेझिनची बॅच लावली की फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण), युरिया, कॉस्टिक सोडा यांची वजने घेणे आणि पीएच सांभाळणे इथपर्यंत सारे शांत असते. द्रावण आम्लधर्मी केल्यानंतर मात्र रेणू भराभर वाढू लागतात आणि फ्लास्कसमोरून हलता येत नाही. दर काही मिनिटांनी गरम रेझिनचा एक थेंब थंड पाण्याच्या बीकरमध्ये सोडायचा. सुरुवातीला तो विरघळून जातो, मग एका क्षणी पाण्यात दुधाळ धूर पसरल्यासारखा दिसतो. त्याच वेळी कॉस्टिक घालून अभिक्रिया थांबवावी लागते. उशीर झाला तर रेझिन फ्लास्कमध्येच गोठते आणि फ्लास्क फेकून द्यावा लागतो. हा क्षण यंत्रापेक्षा डोळ्यांना आधी कळतो, म्हणून विचारास वाव नाही असे मी कधीच म्हणणार नाही.

एरवीचे दिवस सॉलिड कंटेंट (घन भाग), व्हिस्कॉसिटी (दाटपणा), जेल टाइम (गोठण्यास लागणारा वेळ) आणि मोकळ्या फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण ठरवणारे टायट्रेशन यांत जातात. सर्वांत महत्त्वाचे काम मी जोडाच्या शिअर चाचणीला, म्हणजे जोड सरकवून तोडण्याच्या चाचणीला, मानतो. यंत्राने नमुना तोडल्यावर पडद्यावर आकडा येतो आणि नवखी मुले तेवढाच लिहून घेतात. तुटलेला तुकडा उजेडात तिरपा धरून पाहावा : पृष्ठभागावर लाकडाचे तंतू उपटलेले दिसले तर ग्लू लाकडापेक्षा बळकट ठरला, आणि गुळगुळीत चकाकी दिसली तर जोडच फसला. लाकूड किती टक्के फाटले याचा हा अंदाज नजरेने करायचा असतो, आणि तो प्रामाणिकपणे लिहिणे ही टेक्निशियनची खरी जबाबदारी असते.

माझी एक चूक सांगतो. पांढऱ्या ग्लूचे जोड चाचणीपूर्वी 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत 7 दिवस ठेवायचे होते. पावसाळ्यातील एका रविवारी वीज गेली, आर्द्रता राखणारे कपाट बंद पडले आणि सोमवारी ते चालू करताना मी वहीत नोंद केली नाही. हा ग्लू दमट हवेत मऊ पडतो, त्यामुळे आकडे घसरले आणि साहेबांनी दोन आठवडे फॉर्म्युला बदलून पाहिला. दोष फॉर्म्युल्यात नव्हताच. तेव्हापासून खोलीतील हवेची नोंद मी रोज दोनदा करतो.

उत्तर : केमिस्ट, विश्रामबाग

आपल्या आईंची काळजी रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला 2004 साली माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्याहून रोजचा धोका असा की नाकाला वासाची सवय होते. आठवड्याभरात ‘आता काही जाणवत नाही’ असे वाटू लागते, पण हवेतील प्रमाण तेवढेच असते. म्हणून नाकावर विसंबू नये, फॉर्मॅलिन फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) ओतावे आणि हूडची ओढ किती आहे हे अधूनमधून मोजून घेण्याचा आग्रह धरावा. फिनॉल तर अधिक फसवे आहे, कारण ते अंगावर पडले की कातडी पांढरी पडून बधिर होते आणि भाजल्याची वेदना उशिरा कळते. मुलाखतीला जाल तेव्हा प्रयोगशाळा दाखवा असे नम्रपणे सांगावे, आणि हूडमध्ये खोके व जुन्या बाटल्या रचून ठेवलेल्या दिसल्या तर दोनदा विचार करावा.

पुढे शिकण्याची इच्छा असेल तर बंगळुरूची प्लायवुड संशोधन संस्था (आता तेथील लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत विलीन) आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था ही या क्षेत्रातील जुनी ठिकाणे आहेत. आपल्या भागाला जवळचा विषयही आहे : साखर कारखान्यांच्या बगॅसमधील (उसाच्या चोथ्यातील) लिग्निन हा तंतू बांधून ठेवणारा घटक फिनॉलच्या जागी काही प्रमाणात वापरता येते. मात्र लिग्निनवर अभिक्रियेच्या मोकळ्या जागा कमी असतात, त्यामुळे ते सावकाश घट्ट होते आणि प्लायवुड प्रेसमध्ये दाबून ठेवण्याचा वेळ वाढतो. ही अडचण सोडवणारे हात सांगलीतून यावेत असे मला मनापासून वाटते.

उत्तर : तारवाद्य, मिरज

आमच्या घरी सतार आणि तंबोरे बनतात. वडील अजूनही तबली (भोपळ्यावरची पातळ लाकडी फळी) बसवताना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा ग्लू) वापरतात; पातेल्यातील गरम पाण्यात भांडे ठेवून तो पातळ करतात आणि हात चालतो तोवरच लावून घेतात. उष्णता आणि ओल दिली की तो जोड पुन्हा उघडतो, म्हणून तीस वर्षांची सतार दुरुस्तीला आली तरी तबली न फोडता काढता येते. एका गिऱ्हाइकाने मधल्या काळात पक्क्या ग्लूने चिकटवून आणलेली सतार उघडताना मात्र लाकूडच चिरले. प्रयोगशाळेतील मंडळी न सुटणारा जोड शोधतात, तो दारांसाठी हवाच. पण योग्य वेळी सुटणारा जोडही कोणीतरी अभ्यासावा, एवढी आमच्या धंद्याची विनंती आपल्यासारख्या नव्या मुलांपर्यंत पोहोचावी.

प्रश्नकर्ता : गावभागकर, सांगली

आपणा सर्वांचे आभार. दाराचे कारण पाच वर्षांहून अधिक काळानंतर आज समजले. मुलाखत येत्या सोमवारी आहे. हूड आणि आर्द्रतेचे कपाट पाहू द्यावे असे विचारणार आहे. पुरात सुटलेल्या दाराचा एक तुकडा माळ्यावर अजून आहे; तो सोबत नेला तर चालेल का?

उत्तर : प्रयोगवही, मिरज

जरूर न्यावा. मात्र आधी आज रात्री तो दिव्याखाली तिरपा धरून पाहा आणि तंतू किती, चकाकी किती, हे स्वतः कागदावर लिहून ठेवा.