बस्ता बांधताना सेल्समन पाठ सोडत नाहीत, काय करायचं?

शहापूरची_लेक
पुढच्या आठवड्यात लग्नाचा बस्ता आहे. बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार, मग शहापूर असा बेत. एक शालू, दोन इरकल नऊवारी आणि आहेराच्या ४० साड्या. सोबत आठजण, त्यात निम्म्या वयस्कर बायका. दुकानात पाय ठेवला की दोघं-तिघं मागे लागतात, नको म्हणायच्या आत घड्या मोडतात, चहा येतो. मग 'एवढं काढायला लावलं, आता तसंच कसं उठायचं' म्हणून आमच्याच माणसांना संकोच होतो. कुणाला न दुखवता हे कसं आवरायचं? बजेट आधी सांगावं का?

गादीवरून
ताई, तो मागे का लागतो ते आधी बघा. मोठ्या दुकानांत बिलावर सेल्समनचा नंबर पडतो आणि विक्री त्याच्या नावावर जाते. पडून राहिलेला माल खपवला तर बऱ्याच ठिकाणी वर इन्सेंटिव्ह. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की मालक त्यालाच विचारतो. म्हणून 'नुसतं बघतोय' म्हटल्याने तो हलत नाही. त्याला नेमकं काम सांगा, तो त्या कामाला लागतो.

म्हणजे असं: 'आहेराच्या ४०, सहाशेच्या आत, काठाच्या, काळा रंग नको, आधी दहाच काढा.' बजेट जरूर सांगा, पण मनातल्यापेक्षा १५-२० टक्के कमी, कारण पहिला गठ्ठा सांगितलेल्या आकड्याच्या वरचाच येतो. 'सहाशेपर्यंत' म्हटलं की सातशेची साडी आलीच म्हणून समजा. 'सहाशेच्या आत' म्हणा.

आहेर आधी उरका, शालू शेवटी. दुकानदाराला उलटं हवं असतं. पंधरा हजारांचा शालू बघितल्यावर सातशेची साडी स्वस्तच वाटते, आणि साडीमागे १५० वाढले तर ४० साड्यांना ६,००० वाढतात.

घडीचं म्हणाल तर पहिल्या साडीलाच सांगा, 'घडी मोडू नका, काठ आणि पदर तेवढा दाखवा.' नको असलेली साडी लगेच उचलून मागे द्या. समोर ढीग साचला की डोळे थकतात आणि माणूस हातात असेल त्यालाच हो म्हणतो. मोडलेल्या घडीचा संकोच बायकांनी अजिबात करू नये. घड्या घालायला दुकानात वेगळी पोरं असतात, ते त्यांचं रोजचं काम आहे. चहा प्या की खुशाल, चहा घेतला म्हणून साडी घ्यायचं बंधन नाही.

आणि आठजणांत बोलणारं माणूस एकच ठेवा. 'अगं, हे किती छान!' असं ज्याच्या तोंडून आधी निघतं, सेल्समन पुढचा अर्धा तास त्याच्याकडेच बघून बोलतो.

वडगाव_माग
वरचं आहेराला बरोबर आहे, पण इरकलीला सेल्समन जवळच लागतो. त्याला टाळू नका, प्रश्न विचारा. पहिला प्रश्न: हातमाग की पॉवरलूम? खऱ्या इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि अंगाच्या ताण्याला एकेक फास अडकवून जोडतात. पदर जिथं सुरू होतो तिथं साडी उलटी करून बोट फिरवा. आडव्या रेषेत त्या जोडाचे बारीक फास हाताला लागतात. नुसता रंग बदललाय आणि जोड नाही, तर ती नक्कल.

दुसरा प्रश्न: पदर रेशमाचा की आर्ट सिल्कचा? आर्ट सिल्क म्हणजे बहुतेक रेयॉन. त्यात वाईट काही नाही, पण भाव रेशमाचा नको. पदराच्या दशीतला एक धागा मागा आणि बाहेर नेऊन जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरते. रेयॉन कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शालू शुद्ध रेशमाचा म्हणत असतील तर सिल्क मार्कचं लेबल मागा.

तिसरं म्हणजे लांबी. नऊ वार म्हणजे ८.२ मीटर. 'नऊवारीच आहे' म्हणून आठ वार, म्हणजे ७.३ मीटर, हातात येऊ शकते. टेप सोबत ठेवा आणि गादीवरच मोजायला लावा. गोलमोल बोलणारा इथं गप्प होतो, आणि जाणता माणूस खुशीने मोजून दाखवतो. त्याच्याकडूनच घ्या.

रंग मात्र दाराशी उजेडात नेऊन बघा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली खरा रंग कळत नाही.

खडेबाजार_रोज
दारातून ओढणाऱ्याला 'नंतर बघतो' म्हणू नका, परतीच्या वाटेवर तो नेमका तुम्हालाच गाठतो. 'ब्याडरी अण्णा', म्हणजे 'नको हो अण्णा', एवढं म्हणून चालत राहा. आत गठ्ठ्यावर गठ्ठा येत असेल तर 'साकरी', म्हणजे 'पुरे हो', म्हणा. बहुतेकांना मराठी येतंच, पण कन्नडमध्ये 'री' लावून नको म्हटलं की समोरच्याला राग येत नाही.

मॉलमध्ये दोन पावलं मागं चालणारी मुलगी कधी कधी मालावर लक्ष ठेवायला नेमलेली असते. ते मनावर घेऊ नका.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे आभार. टेप घेऊनच जाते. शालूच्या दुकानातून काही न घेता उठायचं झालं तर नेमकं काय बोलायचं? आणि नंतर साडीत खोट निघाली तर?

गादीवरून
'अण्णा, तुम्ही छान दाखवलंत, आज ठरत नाही. तुमचा नंबर सांगा, आलो तर तुमच्याकडेच येतो.' नंबर खरंच लिहून घ्या आणि परत गेलात तर त्यालाच बोलवा, त्याची मेहनत वाया जात नाही. हे बसून बोलू नका, उठून चप्पल घालताना बोला. बसलेल्या गिऱ्हाईकापुढे आणखी एक गठ्ठा हमखास येतो.

खोटीचं म्हणाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर 'हातमाग', 'शुद्ध रेशीम', '९ वार' हे शब्द लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रंग आवडला नाही म्हणून बदलून देणं मात्र दुकानाच्या मर्जीवर, ते पैसे देण्याआधीच बोलून घ्या.