'विथ ऑनर्स इन बायॉलॉजी'ला मराठीत काय म्हणाल?

सायली_कराड
भाचीची अमेरिकेतली पदवी पूर्ण झाली. प्रमाणपत्रावर आहे 'बॅचलर ऑफ सायन्स, माग्ना कुम लाउदे, विथ ऑनर्स इन बायॉलॉजी'. बाबांना गावच्या साप्ताहिकात चार ओळींचं अभिनंदन द्यायचंय. मी लिहून दिलं 'जीवशास्त्रात सन्मानाची पदवी मिळवली'. तिथे कुणीतरी सुधारून 'मानद पदवी' केलं! मानद पदवी परीक्षा न देता, कार्याचा गौरव म्हणून देतात. पोरगी दोन वर्षं प्रयोगशाळेत रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसलीय. शनिवारपर्यंत मजकूर हवाय, नेमका शब्द सुचवा.

दिगंबर_काका
'विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण'. आमच्या वेळी डिस्टिंक्शनला हेच म्हणायचे.

मृण्मयी
काका, त्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'माग्ना कुम लाउदे' हे लॅटिन, अर्थ 'मोठ्या प्रशंसेसह'. नुसतं कुम लाउदे, त्यावर माग्ना, सगळ्यांत वर सुम्मा. बहुतेक ठिकाणी हे एकूण गुणांवरून देतात, आणि किती गुणांना कुठलं हे प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं. त्याला तुमचं प्रावीण्य चालेल. 'ऑनर्स इन बायॉलॉजी' मात्र विभाग देतो. त्यासाठी साधारणपणे एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली स्वतःचं संशोधन करायचं, प्रबंध लिहायचा, बऱ्याच ठिकाणी तो समितीपुढे मांडून प्रश्नांना उत्तरं द्यायची. माझ्या मुलाचे गुण बेताचेच होते, लॅटिन काही मिळालं नाही, पण विभागाचा ऑनर्स मिळाला. त्या दिवशी तो रडला होता. दोन्हींना एकच शब्द लावू नका.

शब्दवेडा
प्रावीण्यावरून आठवलं. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणा उत्तम वाजवणारा! आणि 'कुशल' म्हणजे हात कापून न घेता कुश गवत तोडणारा. संस्कृत साहित्यशास्त्रात हे ठरलेलं उदाहरण आहे. मला 'कुशल' जास्त आवडतो, प्रयोगशाळेतल्या माणसाला तर शोभतोच.

निखिल_ठाणे
व्युत्पत्ती छान, पण आज कुणी गवत तोडत नाही. सरळ 'ऑनर्स' लिहा. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी ऑनर्सच आहे, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' करता येतं. कॉलेजातली मुलं हाच शब्द बोलतात.

दिगंबर_काका
मुलं बोलतात म्हणून भाषेने हात टेकायचे का? बिहारमध्ये 'प्रतिष्ठा' म्हणतात, बंगालीत 'साम्मानिक'. मराठीलाच का सुचू नये?

मृण्मयी
निखिल, 'ऑनर्स'ची वेगळीच पंचाईत आहे. दिल्लीत बी.एस्सी. ऑनर्स म्हणजे एका विषयाचा सखोल अभ्यासक्रम. तिथे तिसऱ्या वर्गात पास झालेलाही ऑनर्सच. आपण पुण्यात 'टीवायला स्पेशल झूलॉजी' म्हणायचो, तसंच काहीसं. साप्ताहिकाच्या वाचकाला त्यातून प्रबंध दिसणार नाही. सायलीताई, प्रबंधाचा विषयच लिहा ना. काय होता?

सायली_कराड
फळमाशीची झोप. काचेच्या बारीक नळीत एकेक माशी ठेवतात, मधोमध अदृश्य किरण असतो. माशीने तो ओलांडला की संगणकात नोंद होते. सलग पाच मिनिटं नोंद नाही, तर ती झोपली असं धरतात. मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं, पेन्सिलीपेक्षा बारीक नळ्या ओळीने लावलेल्या, एका टोकाला त्यांचं खाणं, दुसऱ्या टोकाला कापूस.

हापूस_देवगड
जरा थांबा. 'फळमाशी' लिहू नका. आमच्याकडे फळमाशी म्हणजे आंब्याला डंख करून आत अंडी घालणारी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे 'रक्षक' सापळे आम्ही तिच्यासाठीच लावतो. तिचं कुळ वेगळं. तुमच्या भाचीची ती ड्रॉसोफिला, पिकलेल्या केळ्यावर बसणारी, लाल डोळ्यांची. कोकणात वाचलं तर लोकांना वाटेल पोरीने आंब्याच्या किडीवर काम केलं.

शब्दवेडा
मग 'चिलट'! उत्तम मराठी शब्द.

निखिल_ठाणे
चिलट डोळ्यापुढे घोंगावतं ते. आजी त्याला घुंगुरटं म्हणायची.

दिगंबर_काका
घुंगुरटं चावतं. चिलट चावत नाही.

हापूस_देवगड
चावणारं निराळं, काका. पण केळ्यावरच्याला चिलटच म्हणतात, याला माझा पाठिंबा.

सायली_कराड
आईला विचारलं. केळ्यांवर फडकं टाकता टाकता ती म्हणाली, 'चिलटंच ती.' बाबांनी आत्ता नवा मजकूर लिहिलाय: 'चिलटांच्या झोपेवर प्रबंध लिहून जीवशास्त्राची पदवी मिळवली, जीवशास्त्र विभागाचा …' ऑनर्सच्या जागी टिंबं आहेत. उद्या शुक्रवार.

दिगंबर_काका
'विभागाचा विशेष गौरव' लिहा.

मृण्मयी
गौरव कशाबद्दल, ते नको का यायला?

निखिल_ठाणे
घुंगुरटं चावतं याला आधार काय, काका?