ट्रेनचा आवाज कमी करायला खिडकीला कुठली काच लावू? (अर्जंट)

खाडीपल्याड
सरळ मुद्द्यावर येतो. घर कोकण रेल्वेच्या लाइनजवळ आहे, रात्री झोपेचं खोबरं होतंय. मुलगी दीड वर्षाची, गाडी गेली की दचकून उठते आणि मग तासभर भोकाड. साउंडप्रूफ काच लावायची आहे, कुठली लावू आणि स्क्वेअर फुटाला काय पडते एवढंच सांगा. "सवय होईल" असं कृपया कोणी लिहू नका, ते आमच्या आत्याने सांगून झालंय.

पावशेर
घर कुठे, रुळापासून किती लांब, स्लॅब की कौलं, कितवा मजला? काहीच सांगायचं नाही आणि थेट रेट विचारायचा.

खाडीपल्याड
संगमेश्वरजवळ. गावातलं घर आहे हो, मजला कुठला आलाय. मागच्या पडवीतून गाडी दिसते एवढं लांब. काचेचं सांगा ना कोणीतरी.

सोलकढी_डबल
आमचा घर कुडाळाक, रूळ पाणंदीपलीकडे. सवय होता रे. आमची आजी मांडवी एक्स्प्रेस गेली काय प्रेशरची गोळी घेता, पावसाळी टायमटेबल लागला काय तिचो सगळो घोटाळो.

खाडीपल्याड
वर काय लिहिलंय मी?

फ्लॅटवाला_रत्नांग्री
यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) स्लायडिंग विंडो, डबल ग्लास, विषय संपला. मी हायवेच्या बाजूला केली, आता आत पंख्याचा आवाज येतो फक्त.

रंधा_पटाशी
स्लायडिंग अजिबात नको. ती सरकायला खाली फट लागतेच आणि जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. उघडझाप करणारी घे, चारी बाजूंनी रबर दाबून बसतं. आणि तयार डबल ग्लासमध्ये दोन काचांच्या मधे जेमतेम अर्धा इंच पोकळी असते, गाडीच्या घरघरीला ती फार पुरत नाही. तुझी भिंत चिऱ्याची असेल तर जाडीला तोटा नाही, बाहेरची जुनी खिडकी तशीच राहू दे, आतल्या अंगाला दुसरी चौकट बसव आणि मधे चार इंच मोकळे सोड. गावातला सुतार करून देईल, कंपनीवाल्याची गरज नाही.

फ्लॅटवाला_रत्नांग्री
म्हणजे मी पैसे पाण्यात घातले का? माझ्याकडे फरक पडलाय.

रंधा_पटाशी
पडणारच, तुमच्याकडे डोक्यावर स्लॅब आहे. ह्यांनी अजून कौलं की स्लॅब ते सांगितलंच नाही.

डीजे_नको
अंड्यांचे ट्रे लाव भिंतीला. फुकटात काम.

पावशेर
अंड्याच्या ट्रेने खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो, बाहेरचा आत यायचा थांबत नाही. थांबवायला वजन लागतं. वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ५-६ डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० लागतात. पुठ्ठ्याला कसलं आलंय वजन. फक्त झुरळांची सोय होईल.

बांबूवन
मागे बांबूची बेटं लावा, तीन वर्षांत भिंत तयार. झाडं आवाज पितात.

पावशेर
पंचवीस-तीस मीटर रुंद दाट पट्टा असेल तर थोडेफार डेसिबल कमी होतील. दोन बेटांनी गाडी दिसायची बंद होईल, ऐकू तेवढीच येईल.

बांबूवन
दिसली नाही की त्रासही कमी वाटतो, हे कुठल्या मीटरवर मोजणार? शिवाय बांबूला अनुदानही असतं, सातबारा घेऊन कृषी खात्यात चौकशी करा, हवं तर मी वेगळा धागा काढतो.

खाडीपल्याड
अनुदान नकोय, झोप हवीय.

खडी_आणि_स्लीपर
मी लाइनवर बत्तीस वर्षं काढली, आता रिटायर. आधी सांगा, उठवतं काय? चाकांचा खडखडाट, इंजिनाची घरघर, की हॉर्न? आणि गाडी जाताना मांडणीतली भांडी वाजतात का? वाजत असतील तर हादरा जमिनीतून येतोय, मग काच कितीही भारी लावा.

खाडीपल्याड
भांडी नाही वाजत. हॉर्नच. दोनदा लांबलचक देतात, बोगद्यात शिरायच्या आधी.

खडी_आणि_स्लीपर
बोगदा आहे हे आत्ता सांगताय! तिथे हॉर्नचा बोर्ड असणार. बोर्ड आला की ड्रायव्हरला हॉर्न द्यावाच लागतो, आत रुळांची देखभाल करणारी गँगची माणसं असू शकतात. रात्र आहे म्हणून तो सोडू शकत नाही. त्यासाठी अर्ज करत बसू नका.

फ्लॅटवाला_रत्नांग्री
पण इलेक्ट्रिक झाल्यापासून आवाज कमी झाला ना?

खडी_आणि_स्लीपर
२०२२ मध्ये पूर्ण मार्ग विजेवर आला, डिझेलची धडधड गेली. चाकं लोखंडाचीच आहेत आणि हॉर्न तोच. ट्रक लादलेली रो-रो जाते तेव्हा बघा.

इतिहासप्रेमी_लांजेकर
बोगद्यावरून आठवलं, उक्षी आणि भोकेच्या मधला करबुडे साडेसहा किलोमीटरचा. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा आम्ही स्टेशनवर नारळ घेऊन गेलो होतो. तेव्हा हाच हॉर्न ऐकून लोक टाळ्या वाजवायचे.

सातबारा_बारा_वाजले
जमीन गेली होती का तुमची? वाढीव मोबदल्याची केस टाकली होती का? कागद असतील तर वकिलाला दाखवा.

रंधा_पटाशी
अहो मोबदला राहू द्या. खाडीपल्याड, पुन्हा विचारतोय, छप्पर कसलं?

खाडीपल्याड
मंगलोरी कौलं. सगळ्यांचीच असतात की आमच्याकडे.

रंधा_पटाशी
झालं! आणि दोन दिवस आम्ही काचेवर भांडतोय. एक कर. दुपारी खिडक्या-दारं सगळी लाव, खोलीत अंधार कर आणि खाली चटईवर उताणा पड. जिथून जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येतो.

खाडीपल्याड
केलं. बायको म्हणाली वेड लागलं का. खिडकीतून काहीच नाही, पण भिंत संपते आणि वासे सुरू होतात तिथे मागच्या बाजूला पूर्ण लांबीची फट आहे, माझी मूठ सहज जाते. कौलांमधून कवडसे पडतात ते वेगळेच. आणि ही फट नेमकी बोगद्याच्या बाजूला.

रंधा_पटाशी
आता कळलं ना. आधी ती वळचणीची फट बुजव, चिऱ्याचे तुकडे आणि गिलावा. मग झोपायच्या एकाच खोलीला खालून सीलिंग, सिमेंट बोर्ड दुहेरी, वर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर). खिडकी शेवटी.

पावशेर
सीलिंगला वर जायला झडप ठेवायला सांग. माकडांनी कौल फोडलं तर गळती दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा बोर्ड पोटावर येईल. प्लायवूड तर नकोच, वाळवी.

खाडीपल्याड
तात्पुरत्या दोन जुन्या गोधड्या कोंबल्या फटीत. काल कोकणकन्या गेली, मी जागा होतो, पोरगी फक्त कूस बदलून झोपली. सकाळी बाबांनी एक गोधडी ओढून काढली, म्हणे वारा कोंडला की वासे कुजतात. आता त्यांच्याशी भांडण चालू आहे.

रंधा_पटाशी
बाबांचं चुकत नाहीये. दुसऱ्या बाजूची फट उघडी ठेव, तिथे जाळी मार, आणि सीलिंगच्या वरून वारा खेळू दे. सुतार कधी येतोय?

खाडीपल्याड
गणपतीनंतर म्हणतोय.

सोलकढी_डबल
गणपतीवरून आठवला, कोणाक कन्फर्म तिकीट गावला काय? ६० दिवस आधी आठ वाजता बसलंय, दोन मिनटांत वेटिंग.